चावी हवेत, कुलूप अवजारात

सुताराच्या पेटीला कुलूप असे. पेटीतल्या रंध्याला ते कधीच नव्हते. पेटी उघडली की अवजार ज्याच्या हाती, त्याचे. विजेवर चालणाऱ्या अवजारांनाही दीर्घकाळ हाच नियम लागू होता. तार सॉकेटमध्ये खोचून स्विच दाबला की ड्रिल फिरे. दाबणारा हात मालकाचा की चोराचा, कसलेल्या फिटरचा की कालच कामावर रुजू झालेल्या पोराचा, याच्याशी ड्रिलला काही कर्तव्य नसे.

गेल्या दोन दशकांत हे चित्र पालटत गेले. लिथियम-आयन बॅटरीमुळे बिनतारी अवजारे सर्रास झाली. पाठोपाठ त्यांच्या मुठीत रेडिओ लहरींवर बोलणारी चिप येऊन बसली. परिणामी, आज काही ड्रिल, ग्राइंडर व नट आवळण्याची यंत्रे हातात घेतली तरी लगेच चालत नाहीत. वापरणाऱ्याला परवानगी आहे की नाही, हे ती आधी तपासतात. ही तपासणी करणाऱ्या व्यवस्थेला ‘बिनतारी प्रवेश नियंत्रण’ असे म्हणता येईल. ब्लूटूथ, वाय-फाय किंवा चिपच्या ओळखपत्रामार्फत तिचे काम चालते.

ही सोय चोराचा उत्साह मावळवते आणि अननुभवी हाताला आवर घालते, यात शंका नाही. परंतु कुलूप कच्चे असेल, तर तेच कुलूप परक्या माणसाला यंत्राच्या अंतरंगात शिरण्याचे दार ठरते. म्हणून अवजाराला कुलूप आहे एवढे कळून भागत नाही. ते कोणत्या पुराव्यावर उघडते आणि त्याची चावी अखेर कोणाच्या हाती आहे, हे पाहावे लागते.

कुलपाची गरज का भासली?

बिनतारी अवजार हलके, महाग आणि सहज विकले जाणारे असते. बांधकामाच्या जागी रोज नवी माणसे येतात-जातात, सामान मजल्यांवर विखुरलेले असते, आणि संध्याकाळी मोजदाद करताना एखादे यंत्र कमी भरते. ठेकेदाराचे त्यात पैसे जातात; स्वतःच्या अवजारावर पोट असलेल्या कारागिराचा मात्र रोजगारच बुडतो.

यावर उपाय म्हणून निरनिराळ्या तऱ्हा पुढे आल्या. लिश्टेनस्टाइनमधील हिल्टी कंपनीने आपल्या काही यंत्रांसाठी चोरीरोधक व्यवस्था देऊ केली. तीत यंत्रावरील कुलपाच्या चिन्हाजवळ एक खास चावी धरावी लागते. यंत्र ती ओळखते आणि कामाला सिद्ध होते. मिलवॉकी या अमेरिकी कंपनीने २०१५ मध्ये ‘वन-की’ ही व्यवस्था आणली. तीत मोबाइल फोनवरून ब्लूटूथद्वारे अवजार कुलूपबंद करता येते. होम डेपो या अमेरिकी दुकानसाखळीने २०२१ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले. गल्ल्यावर पैसे भरल्यानंतरच ब्लूटूथद्वारे जिवंत होतील अशी अवजारे विकण्याची कल्पना तिने मांडली. पुढच्याच वर्षी लोज या प्रतिस्पर्धी साखळीने ‘प्रोजेक्ट अनलॉक’ या नावाने तशाच प्रयोगाची घोषणा केली. तीत अवजारात बसवलेली रेडिओ-ओळख चिप ही कल्पनेच्या मुळाशी होती. फडताळातून उचललेले, पण बिल न झालेले ड्रिल म्हणजे केवळ प्लास्टिक व लोखंडाचा गोळा, हा या दोन्ही प्रयोगांमागील विचार.

चोरी हे एक कारण झाले. दुसरे कारण सुरक्षिततेचे. धातू कापणारा ग्राइंडर किंवा काँक्रीट फोडणारा हॅमर प्रशिक्षण नसलेल्या माणसाच्या हाती पडला, तर बोटे, डोळे आणि प्रसंगी जीवही धोक्यात येतो. तिसरे कारण गुणवत्तेचे. मोटारीच्या चाकाचा नट किती जोराने आवळावा, हे अभियंत्याने ठरवून दिलेले असते. ते प्रमाण कोणीही बदलू नये, आणि प्रत्येक नट कोणी व किती आवळला याची नोंद राहावी, अशी कारखान्याची अपेक्षा असते. पहिल्या कारणासाठी कुलूप उघडे की बंद एवढेच पुरते. तिसऱ्यासाठी मात्र माणूस ओळखावा लागतो, त्याचे अधिकार ठरवावे लागतात आणि नोंदी जपाव्या लागतात. व्यवस्था जसजशी हुशार होते, तसतशी तिच्यातील कच्च्या दुव्यांची संख्याही वाढते.

ऐकलेला परवलीचा शब्द

बिनतारी चावीचा सर्वांत भोळा प्रकार म्हणजे ठरलेला संकेत. फोनने वा रिमोटने एक विशिष्ट आकडा हवेत सोडायचा, आणि तो जुळला की यंत्राने स्वतःला मोकळे करायचे. गडाच्या दरवाजावर पहारेकऱ्याला परवलीचा शब्द सांगावा, तसाच हा व्यवहार. अडचण एवढीच, की रेडिओ लहर भिंतीआड थांबत नाही. जवळपास कान देऊन बसलेला कोणीही तो शब्द टिपून घेऊ शकतो. त्याचा अर्थ कळण्याचीही गरज नसते. जसाच्या तसा तो पुन्हा उच्चारला की दरवाजा उघडतो. याला ‘पुनरुच्चाराचा हल्ला’ म्हणता येईल.

ही केवळ पुस्तकी भीती नव्हे. ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी जानेवारी २०१९ मध्ये औद्योगिक रेडिओ रिमोटचा अभ्यास प्रसिद्ध केला. बांधकामाच्या जागी व कारखान्यांत क्रेन चालवण्यासाठी असे रिमोट वापरतात. त्यांपैकी अनेकांचे संदेश टिपून पुन्हा प्रक्षेपित करता येतात, बनावट आज्ञा घुसवता येते आणि यंत्र परक्याच रिमोटशी जोडता येते, असे त्यांना आढळले. जागेच्या मालकांच्या संमतीने त्यांनी प्रत्यक्ष क्रेन हलवूनही दाखवल्या.

ठरलेला संकेत धोक्याचा म्हणून ‘फिरता संकेत’ आला. यात दर खेपेला नवा आकडा जातो, आणि एकदा वापरलेला आकडा यंत्र पुन्हा स्वीकारत नाही. दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकात जन्मलेली ‘कीलॉक’ ही पद्धत याच जातीची. मोटारी व गॅरेजची दारे यांच्या रिमोटमध्ये ती जगभर पसरली. २००८ मध्ये जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी तिचे मर्म उघड केले. चिप काम करीत असताना ती किती वीज ओढते, त्यातील बारीक चढउतार मोजून त्यांनी उत्पादकाची मूळ चावी हस्तगत केली. ती एक चावी मिळताच त्या उत्पादकाच्या सर्व रिमोटांची सुरक्षितता कोसळली. एकच गुपित लाखो वस्तूंत वाटले, तर ते गुपित राहत नाही, हा त्या प्रकरणाचा धडा.

फिरत्या संकेताची दुसरी उणीव २०१५ मध्ये सॅमी कामकार या अमेरिकी संशोधकाने दाखवली. त्याच्या ‘रोलजॅम’ या छोट्या उपकरणाने रिमोटचा संदेश यंत्रापर्यंत पोहोचू न देता मधल्या मधे टिपला. संकेत न वापरलेला, म्हणून अजून वैध. तो पुढे केव्हाही वापरता येत होता. यंत्र केवळ ऐकत बसले आणि स्वतः काही विचारले नाही, तर अशी फसगत होणारच.

प्रश्न नवा, उत्तर नवे

खरा उपाय यंत्राने बोलते होण्यात आहे. वापरणाऱ्याने ड्रिल चालू करण्याची इच्छा दर्शवली, की ड्रिल स्वतः एक यादृच्छिक, पूर्वी कधीही न वापरलेला आकडा तयार करते आणि फोनकडे किंवा ओळखपत्राकडे पाठवते. ओळखपत्र हा आकडा आपल्याजवळील गुप्त चावीसह गणिती प्रक्रियेत घालते आणि निघालेले उत्तर परत धाडते. हे उत्तर म्हणजे त्या क्षणापुरती उमटलेली मोहोरच. ड्रिलही आपल्या परीने तेच गणित करते आणि मोहोर जुळते का, ते पाहते. गुप्त चावी स्वतः एकदाही हवेत जात नाही. टिपणाऱ्याच्या हाती प्रश्न व उत्तर लागले तरी पुढच्या वेळी प्रश्नच वेगळा असल्याने जुने उत्तर निरुपयोगी ठरते.

या गणितासाठी जगभर मान्य असलेली साधने उपलब्ध आहेत. बेल्जियमच्या योहान डेमेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी रचलेली कूटपद्धती अमेरिकेने २००१ मध्ये ‘एईएस’ या नावाने प्रमाण म्हणून स्वीकारली. तिच्या १२८ बिटांच्या रूपात संभाव्य चाव्यांची संख्या ३४ वर ३७ शून्ये इतकी भरते. एकेक चावी लावून पाहण्याचा मार्ग येथे खुंटतो. पद्धत उघड असावी, गुपित केवळ चावीत असावे, हे तत्त्व ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते. आपली कूटपद्धती गुप्त आहे म्हणून ती सुरक्षित आहे, असे सांगणाऱ्या विक्रेत्याकडे म्हणूनच संशयाने पाहावे.

गणित भक्कम असूनही ते गुंडाळणारा करार कच्चा निघू शकतो. ब्लूटूथच्या जुन्या प्रकारात दोन उपकरणे जोडली जाताना चावी किती लांबीची घ्यावी, याची वाटाघाट होते. मधल्या माणसाला ती एका बाइटपर्यंत खाली आणता येते, हे २०१९ मध्ये उजेडात आले. एक बाइट म्हणजे अवघ्या २५६ शक्यता. यास्तव जाणकार रचनाकार ब्लूटूथच्या स्वतःच्या संरक्षणावर विसंबत नाहीत. त्याच्या आत आपल्या प्रश्नोत्तराचा दुसरा थर ठेवतात, आणि प्रत्येक अवजाराला स्वतंत्र चावी देतात. एक अवजार फोडले तर एकच फुटावे, असा त्यामागील हिशेब.

जवळ असणे म्हणजे नेमके काय?

काही व्यवस्थांत मालकाचा फोन जवळ आहे म्हणून अवजार चालते. फोन दूर गेला की ते बंद पडते. हे सोयीचे वाटते. पण फोन जवळ आहे, हे अवजाराला कळते कसे? बहुधा संदेश पोहोचला यावरून. मे २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या संस्थेच्या संशोधकाने याच गृहीतकाचा फुगा फोडला. एक उपकरण फोनपाशी, दुसरे मोटारीपाशी ठेवून त्याने दोहोंतील ब्लूटूथ संभाषण जसेच्या तसे पुढे पोहोचवले, आणि टेस्लाची मोटार उघडून दाखवली. कूटलिपी कोठेही फोडावी लागली नाही. प्रश्न खरा होता, उत्तरही खरे होते. केवळ अंतर खोटे होते.

अंतराचा पुरावा हवा असेल तर काळ मोजावा लागतो. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटिमीटर जाते. प्रश्न पाठवल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ अचूक मोजला, तर समोरचा दोन मीटरवर आहे की दोनशे मीटरवर, हे लपत नाही. अतिविस्तृत पट्ट्याच्या रेडिओ चिप हे करतात. सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ब्लूटूथ ६.० मध्येही अंतर मोजण्याची सोय आली. ती नसेल तेथे साधा मार्ग बरा: अवजाराला अगदी चिकटवून धरावे लागणारे ओळखपत्र, किंवा फोनवर माणसाने स्वतः बोटाने दिलेली संमती.

तळघरात इंटरनेट नसते

बांधकामाच्या जागेचे एक वैशिष्ट्य रचनाकाराला विसरून चालत नाही. तळघरात, बोगद्यात, लिफ्टच्या विहिरीत मोबाइलची रेंज मिळत नाही. प्रत्येक वेळी दूरच्या सर्व्हरला विचारून परवानगी आणायची ठरली, तर काम ठप्प होईल. म्हणून सकाळी स्टोअरमधून अवजार देतानाच फोनमध्ये किंवा ओळखपत्रात मुदतीचा परवाना भरून देणे इष्ट. अमुक माणूस, तमुक अवजार, आज संध्याकाळी सहापर्यंत, असा मजकूर आणि त्यावर व्यवस्थापनाची गणिती मोहोर. अवजार ती मोहोर स्वतः तपासू शकते. सर्व्हरला विचारण्याचे कारण उरत नाही.

अर्थात यालाही किंमत आहे. दुपारी एखाद्याला कामावरून कमी केले, तरी त्याच्या खिशातील परवाना संध्याकाळपर्यंत चालतो. परवान्याची मुदत आखूड ठेवली तर धोका कमी, पण कटकट अधिक. लांब ठेवली तर उलट. शिवाय मुदत संपली हे कळायला अवजाराला वेळ ठाऊक हवी. मुख्य बॅटरी काढली की घड्याळ बंद पडणार असेल, तर चोर प्रथम बॅटरीच काढील. यासाठी अवजाराच्या पोटात नाण्याएवढी वेगळी बॅटरी ठेवण्याची रीत आहे. दूरवरून कुलूप घालण्याचेही असेच आहे. आज्ञा दिली म्हणजे ती पोहोचलीच असे नाही. ‘वन-की’सारख्या व्यवस्थेत चोरीस गेलेले अवजार ते अ‍ॅप असलेल्या एखाद्या फोनच्या टप्प्यात येते, तेव्हा कुलपाची आज्ञा त्याला मिळते. तोवर ते मोकळेच असते.

कुलूप कोठे बसवले आहे?

गणित कितीही पक्के असले, तरी चोराजवळ स्क्रूड्रायव्हर असतो. जुन्या धाटणीच्या मोटरीत कार्बन ब्रश असतात. तिची दोन टोके थेट बॅटरीला जोडली तरी ती फिरते. अशा यंत्रात कुलपाची चिप तारेच्या मध्ये बसवली, तर तेवढा तुकडा वगळून तार जोडणे कोणत्याही वायरमनला जमेल. ब्रशलेस मोटरीची गोष्ट वेगळी. तिच्या वेटोळ्यांना क्रमाक्रमाने वीज देणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण असल्याशिवाय ती फिरतच नाही. कुलूप या नियंत्रकाच्या आत गुंफले, तर ते काढून टाकणे म्हणजे यंत्राचा मेंदूच बदलणे होय. चोरीचा माल स्वस्तात विकणाऱ्याला तो खर्च परवडत नाही.

काही व्यवस्थांत कुलूप अवजारात नसून बॅटरीत असते. डीवॉल्टने २०१६च्या सुमारास ब्लूटूथ असलेल्या बॅटऱ्या बाजारात आणल्या, त्या या प्रकारच्या. बॅटरी महाग असल्याने तिचे रक्षण होते हे खरे. परंतु त्याच मापाची दुसरी साधी बॅटरी लावली की अवजार चालू. विकत घेताना हा भेद ध्यानात ठेवावा.

मध्येच थांबू नये, आपोआप सुरू होऊ नये

माहितीच्या जगात कुलूप बंद झाले तर फार तर काम अडते. अवजारांच्या जगात वेळ चुकली तर इजा होते. परातीवर उभा असलेला माणूस लोखंडी पट्टी कापतो आहे, पाते अर्धे आत गेले आहे, आणि त्याच क्षणी परवान्याची मुदत संपली म्हणून मोटर थांबली, तर पाते अडकून झटका बसू शकतो. म्हणून कुलूप लागायचे ते पुढच्या वेळी ट्रिगर दाबताना. चालू कामात नव्हे. हिल्टीच्या व्यवस्थेत याचा समंजस नमुना दिसतो. जागा बदलताना वीज तुटली, तरी यंत्र सुमारे २० मिनिटे मोकळे राहते. त्याहून अधिक वेळ गेला तरच चावी पुन्हा दाखवावी लागते.

याची दुसरी बाजू अधिक कडक आहे. हवेतून आलेला कोणताही संदेश मोटर सुरू करू शकता कामा नये. बिनतारी आज्ञेने फार तर मनाई उठावी. फिरणे हे ट्रिगरवरच्या बोटानेच व्हावे, आणि त्या बोटाचा तारेचा मार्ग रेडिओच्या चिपपासून स्वतंत्र असावा. क्रेनच्या रिमोटमध्ये याउलट नियम असतो. तेथे संदेश तुटताच यंत्राने थांबायला हवे, कारण चालवणारा दूर उभा असतो. दोन्ही ठिकाणी रेडिओच आहे, पण धोका वेगळा म्हणून शहाणपणही वेगळे.

येथेच एक इशारा द्यायला हवा. फोनवर ‘बंद’ असे दिसते म्हणून पाते वा बिट बदलण्यास हात घालू नये. पाते बदलण्यापूर्वी बॅटरी काढावी, हा जुना नियम आजही अबाधित आहे. परवानगीचे कुलूप आणि जीवरक्षक अडसर या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

नट आवळणारे यंत्र आणि खोटा आकडा

या साऱ्या चर्चेला गंभीर वळण देणारी घटना जानेवारी २०२४ मध्ये घडली. नोझोमी नेटवर्क्स या कंपनीच्या संशोधकांनी बॉश रेक्सरॉथच्या एनएक्सए०१५एस-३६व्ही या नट-रनरमधील २३ दोष जाहीर केले. हे यंत्र सामान्य ड्रिलसारखे नाही. ते वाय-फायने कारखान्याच्या जाळ्याला जोडलेले असते, त्यात लिनक्सवर आधारलेली प्रणाली चालते, आणि ब्राउझरमधून त्याची व्यवस्था पाहता येते. जिवाशी संबंधित जोडण्यांसाठी जर्मन अभियंत्यांच्या संघटनेने घालून दिलेल्या व्हीडीआय २८६२ या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते प्रमाणित आहे. वाहन-जोडणीच्या कारखान्यांत टॉर्क मोजून नोंदवणारी अशी यंत्रे सर्रास असतात. चाकण व पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील अभियंत्यांना हा प्रकार नवा नाही.

दोषांमध्ये यंत्रातच कायमचे कोरलेले परवलीचे तपशील होते, तसेच ओळख न पटवता आत शिरण्याच्या वाटाही होत्या. काही दोष एकत्र गुंफले, तर जाळ्यावर असलेल्या परक्याला यंत्राचा संपूर्ण ताबा मिळत होता. प्रयोगशाळेत संशोधकांनी दोन गोष्टी दाखवल्या. पहिली खंडणीची: ट्रिगर निकामी करून यंत्राच्या छोट्या पडद्यावर पैशांची मागणी झळकवली. अशी यंत्रे एकाच वेळी बंद पडली तर जोडणीची अख्खी रांग थांबेल, हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट अधिक भयंकर होती. त्यांनी नट आवळण्याचा जोर बदलला आणि पडद्यावर मात्र अपेक्षित आकडाच दाखवला. कमी आवळलेला नट धक्क्यांनी सैल होतो. अती आवळलेला बोल्ट ताणला जाऊन पुढे तुटू शकतो. यंत्र चालवणाऱ्याला सारे ठीक दिसते, नोंदीतही ठीक दिसते. उत्पादकाने त्या महिन्याच्या अखेरपर्यंत सुधारित आज्ञावली देण्याचे जाहीर केले होते. हे हल्ले प्रयोगशाळेतील होते, ही त्यातील दिलाशाची बाब.

या घटनेचा अर्थ कामगाराच्या बाजूनेही वाचायला हवा. प्रवेश नियंत्रण आले की प्रत्येक नटासमोर कोणाचे तरी नाव लागते. नोंद खरी असेल तोवर ते नाव प्रामाणिक कारागिराची ढाल असते. नोंद परक्याला बदलता येत असेल, तर सैल नटाचा दोष पाळीवर असलेल्या ज्या माणसाचे नाव तेथे छापले आहे, त्याच्या माथी येतो. आणि आपण तो नट नीट आवळला होता हे सिद्ध करण्यास त्याच्याजवळ काही नसते. कच्च्या कुलपाची खरी किंमत अनेकदा मालकापेक्षा नोकराला मोजावी लागते.

चावी कोणाच्या हाती?

शेवटचा प्रश्न मालकीचा. साध्या ड्रिलचे पैसे मोजले की ते आपले होते. कुलूपबंद ड्रिलच्या बाबतीत कंपनीचे अ‍ॅप, तिचा सर्व्हर आणि तिची इच्छा हेही व्यवहारात शिरतात. कंपनीने सेवा बंद केली तर? मालकाने अवजार दुसऱ्याला विकले आणि खात्यातून ते काढायचे विसरला तर? आपल्याकडे जुनी अवजारे अनेक हातांतून फिरतात, गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे पुन्हा जिवंत होतात. चोराला अडवणारे कुलूप उद्या दुरुस्तीवाल्यालाही अडवणार असेल, तर वापरणाऱ्याचे काही गमावलेच.

नोंदींचा प्रश्नही याला जोडून येतो. कोणी किती वाजता ट्रिगर दाबला, मध्ये किती वेळ हात थांबला, हे सारे अवजाराला कळू लागले की सुरक्षेची यंत्रणा पाळतीची यंत्रणा होण्यास वेळ लागत नाही. व्यक्तीच्या नावाशी जोडलेली अशी माहिती वैयक्तिकच म्हणायला हवी; भारताच्या संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला, त्याची आठवण मालकांनी या संदर्भातही ठेवावी.

युरोपने या विषयाला कायद्याची चौकट घातली आहे. तेथील ‘सायबर रेझिलियन्स अ‍ॅक्ट’ डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला आणि त्यातील मुख्य बंधने डिसेंबर २०२७ पासून लागू होण्याचे ठरले. डिजिटल भाग असलेल्या वस्तूला, तिचे आयुष्यच कमी नसेल तर, किमान पाच वर्षे सुरक्षेच्या सुधारणा पुरवणे त्याने उत्पादकाला भाग पाडले आहे. युरोपच्या बाजारात माल पाठवणाऱ्या भारतीय उत्पादकालाही त्यातून सुटका नाही. भारतात ब्लूटूथ व वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्येच परवानामुक्त झाला, म्हणजे असे रेडिओ वापरण्याची वाट येथे कधीच खुली आहे. ती कशी वापरावी, हे मात्र अवजार घेणाऱ्यांच्या चौकसपणावरही अवलंबून राहील.

म्हणूनच कुलूपबंद अवजार घेताना विक्रेत्याला काही प्रश्न अवश्य विचारावेत. प्रत्येक अवजाराची चावी वेगळी आहे का? कुलूप मोटरीच्या नियंत्रकात आहे की केवळ बॅटरीत? रेंज नसताना ते कसे वागते, आणि चालू कामात थांबते का? सुधारित आज्ञावली किती वर्षे मिळेल? कंपनीने सेवा गुंडाळली किंवा आपण अवजार विकले, तर कुलूप कायमचे काढता येईल का? वापराच्या नोंदी कोणाला दिसतात? या प्रश्नांची स्पष्ट उत्तरे न मिळाल्यास, लोखंडी कपाट आणि विश्वासू स्टोअरकीपर हे जुने कुलूपच अधिक भरवशाचे.